उभ्या फोटोची सावली

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. कमिटीची सूचना होती की 'गेल्या पंचवीस वर्षांतल्या आठवणी' यावर बोलावं. पण आठवणींवर बोलणारे माझ्याआधी तिघे झाले, आणि पाण्याच्या टाकीची गोष्ट तिघांनीही सांगितली. त्यामुळे मी दुसऱ्याच विषयावर बोलणार आहे. गेले दोन महिने स्मरणिकेसाठी मी घरोघरी फोटो काढत फिरत होतो, तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरात एक प्रश्न आला, "साहेब, कॅमेऱ्याच्या डोक्यावर ही कमान कसली बांधलीय?" दारात उभं राहून उत्तर देत बसलो असतो तर फोटो राहिले असते. म्हणून आज सगळ्यांना एकदम उत्तर देतो.

त्या कमानीला ब्रॅकेट म्हणतात. फ्लॅश धरून ठेवणारी आणि कॅमेरा उभा केला की फ्लॅशला फिरवून पुन्हा वर आणणारी चौकट. एवढीच वस्तू. पण ती घ्यायला, म्हणजे नेमकी कुठली घ्यायची हे ठरवायला, मला एक वर्ष लागलं. आणि त्याला कारण आहेत आपले 'बी' विंगमधले मास्तर.

मास्तर कोण, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. सोसायटी नोंदवताना पहिल्या अर्जावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांतले ते एक. ते गेले तेव्हा रात्री दहाच्या सुमाराला त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, बाबांचा एकट्याचा चांगला फोटो घरात एकही नाही. तुमच्याकडे असेल." मी संगणक उघडला. मास्तरांचे माझ्याकडे साठेक फोटो निघाले. पण सगळे घोळक्यातले. गणपतीत आरतीला, झेंडावंदनाला, वार्षिक सभेत. एकट्याचा, उभा, समोर बघणारा फोटो एकच निघाला. गणेशोत्सवात बक्षीस वाटपाच्या वेळी याच सभागृहात, या डाव्या भिंतीजवळ मी काढलेला. मास्तर छान हसले होते. पण त्यांच्या एका बाजूला, भिंतीवर, डोक्याएवढीच मोठी काळी सावली होती. जणू दुसरा कोणी त्यांच्या मागं उभा आहे. आणि डोळे लाल.

दुसरा फोटो नव्हता. रात्रीत स्टुडिओवाल्याला उठवून त्यानं संगणकावर सावली कापली आणि मागं निळा रंग भरला. कापताना कानाची कड थोडी गेली. तोच फोटो आज त्यांच्या दिवाणखान्यात आहे, त्यालाच हार घातलेला आहे. मास्तरांच्या सूनबाई इथं बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगतोय. त्या म्हणतात, "काका, आम्हाला काही दिसत नाही." मला दिसतं. मी त्या घरी चहाला गेलो की माझी नजर आधी त्या कानावर जाते. माणूस पंचवीस वर्षं समोर होता, माझ्या हातात कॅमेरा होता, आणि घरच्यांना द्यायला माझ्याकडे एक धड फोटो नव्हता.

आता ही सावली का पडते ते सांगतो. फ्लॅश कॅमेऱ्याच्या माथ्यावर, भिंगाच्या बरोबर वर बसतो. कॅमेरा आडवा धरला तर प्रकाश वरून-समोरून येतो आणि सावली माणसाच्या मागं, खाली पडते. ती अंगाआड लपते, आपल्याला दिसत नाही. पण एका माणसाचा फोटो काढताना आपण कॅमेरा उभा करतो. त्याबरोबर वरचा फ्लॅश आडवा होऊन बाजूला जातो. मग प्रकाश एका बाजूनं आणि सावली दुसऱ्या बाजूला, थेट भिंतीवर. माणूस भिंतीला जितका चिकटून, तितकी ती गडद आणि रेखीव. डोळे लाल होण्याचं कारण वेगळं. फ्लॅश भिंगाच्या फार जवळ असला की प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जाऊन तिथल्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन सरळ भिंगात परततो. फ्लॅश भिंगापासून वीतभर वर नेला की परतणारा प्रकाश भिंग चुकवतो.

प्रकाश किती आहे यापेक्षा तो कुठून येतो याला किंमत आहे, हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. अंबाबाईचा किरणोत्सव आपण लहानपणापासून बघतो. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटी, मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ आत येतात आणि मूर्तीवर चढतात. भर दुपारचा सूर्य कितीतरी प्रखर, पण त्याला गाभाऱ्यात वाट नाही. मावळतीचा मवाळ सूर्य पोचतो, कारण त्याची दिशा बरोबर आहे.

तुम्ही म्हणाल, पूर्वी ही अडचण नव्हती का? खरंच नव्हती. माझा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. नंतर पगार वाढल्यावर सेकंडहँड याशिका घेतला, वरून खाली डोकावून बघायचा, तो. त्या दोन्हींत १२० नंबरचा रोल, त्यावर बारा फोटो, आणि फोटो चौकोनी. चौकोनाला आडवं-उभं काही नसतं! कॅमेरा फिरवायचाच नाही. नंतर ३५ मिलिमीटरची फिल्म घरोघरी आली. तिची चौकट २४ बाय ३६. तेव्हापासून कॅमेरा उभा करायची वेळ आली आणि फ्लॅश बाजूला गेला. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांनी बहुतेक तोच आकार चालवला, आणि त्याबरोबर ही अडचणही.

मी बँकेत सदतीस वर्षं काढली. कर्जाचा अर्ज आला की पहिला प्रश्न, याशिवाय भागतंय का? भागत असेल तर कर्ज कशाला? तसं मी आधी ब्रॅकेटशिवाय भागवून बघितलं.

पहिला उपाय, आडवाच फोटो काढायचा आणि नंतर दोन्ही बाजू कापायच्या. हिशेब केला. आडव्या चौकटीतून त्याच प्रमाणातला उभा तुकडा कापला तर मूळ चित्राचं ४४ टक्केच हाती राहतं. छोट्या फोटोला चालतं. पण माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवा असेल तर मागं सरकावं लागतं, आणि अंतर दुप्पट झालं तर प्रकाश चौथा हिस्साच पोचतो. शिवाय आपल्या जिन्याच्या चौकात मागं सरकायला जागा कुठाय? मागं सरकलो तर समोरच्यांच्या चपलांच्या कपाटावर बसायचो.

दुसरा उपाय, फ्लॅशचं तोंड छताकडं करायचं. पांढरं आणि बेताच्या उंचीचं छत असेल तर याच्यासारखा उपाय नाही. प्रकाश छतावरून पसरून येतो, मऊ येतो. घरात मी अजूनही तेच करतो आणि तुम्हालाही तेच सांगीन. पण गणपतीच्या मांडवात वर गुलाबी-पिवळं कापड असतं. प्रकाश त्या कापडाचा रंग घेऊन खाली येतो आणि सगळी मंडळी कावीळ झाल्यासारखी दिसतात. आणि उघड्यावर, गच्चीवर कोजागिरीला, वर छतच नसतं. चंद्रावरून काय प्रकाश परत येत नाही.

म्हणजे गरज सिद्ध झाली. आता निवड. इथं मी माझी पहिली चूक कबूल करतो. घाईनं, पाचशे रुपयांच्या आत मिळते म्हणून, एक साधी पट्टी घेतली. इंग्रजी एल अक्षरासारखी, एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला उभ्या दांडीवर फ्लॅश. लग्नातले फोटोग्राफर पूर्वी हातोडीसारखा मोठा मेट्झ फ्लॅश असाच कॅमेऱ्याच्या डावीकडे बांधायचे. मला वाटलं, काम झालं. घरी येऊन बघतो तर कॅमेरा उभा केला की फ्लॅश झकास वर येतो, आणि आडवा केला की तो बाजूला! पूर्वी उभ्या फोटोला सावली पडायची, आता आडव्याला पडायला लागली. एक खड्डा बुजवायला दुसरा खणला.

तेव्हा कळलं की पट्टी फिरणारी पाहिजे. आणि फिरणाऱ्या पट्ट्यांत दोन जाती आहेत. एकीत कॅमेरा आणि चौकट दोन्ही एकत्र वळतात आणि वरचा फ्लॅशचा हात उलटा कलंडून पुन्हा भिंगाच्या वर येतो. दुसरीत हँडल आणि फ्लॅश आहेत तिथंच राहतात, मधल्या मधे फक्त कॅमेरा गर्रकन फिरतो. परदेशी बनावटीच्या दोन्ही जाती मिळतात. पुण्याच्या एका स्नेह्यांकडे दुसऱ्या जातीचं होतं, ते आठ दिवस मागून आणलं. वापरायला सुरेख. फ्लॅश जागचा हलत नाही, तोल बिघडत नाही, हँडल डाव्या मुठीत तसंच राहतं. दिवसाला पाचशे फोटो काढणाऱ्यानं तेच घ्यावं. पण त्यात सांधे जास्त, धातू जास्त. कॅमेरा, भिंग, फ्लॅश, चार सेल आणि ती चौकट असं सगळं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. अडीच किलोच्या वर गेलं. सौ. म्हणाल्या, "दळण नेताना तुमचा हात दुखतो, आणि हे उचलणार?" विषय संपला.

कोणी घेणार असेल तर त्याच्यासाठी मी कर्जाच्या अर्जासारखे चार प्रश्न काढून ठेवले आहेत.

पहिला, काय फिरतं? फ्लॅश फिरतो की कॅमेरा? दुकानात उभं राहून दोन्ही बाजूंना फिरवून बघा. उभ्यातही आणि आडव्यातही फ्लॅश भिंगाच्या बरोबर वर येतो का ते समोरून कोणाला तरी बघायला सांगा. काही पट्ट्यांत तो चार बोटं बाजूला राहतो. मग पैसे कशाचे दिले?

दुसरा, वजन कोण पेलणार? रिकामी चौकट हलकीच लागते. आपला कॅमेरा आणि सेल घातलेला फ्लॅश घेऊन दुकानात जा, सगळं जोडा आणि पाच मिनिटं डोळ्याला लावून उभे राहा. मनगट उत्तर देतं.

तिसरा, कॅमेरा कशानं धरलाय? बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाला एकच भोक असतं, पाव इंची. एका स्क्रूवर कॅमेरा सैल होऊन गोल फिरतो. म्हणून पट्टीला रबराची किंवा बुचाची गादी हवी आणि मागं एक छोटी उभी कड हवी, जिला कॅमेऱ्याची पाठ टेकेल. आणि पट्टी लावल्यावर सेलचं झाकण उघडतं का तेही बघा. ऐन आरतीत सेल संपले आणि स्क्रू काढत बसलात तर आरती थांबत नाही.

चौथा, वायर. फ्लॅश माथ्यावरून उचलला की कॅमेऱ्याशी त्याचा संबंध तुटला. तो जोडायला गुंडाळीची वायर लागते, आणि ती आपल्या कंपनीच्या कॅमेऱ्याला जुळणारीच लागते. नाहीतर फ्लॅश उडतो, पण किती उडायचं ते त्याला कॅमेरा सांगत नाही. चौकटीचा विचार करताना वायरचे पैसे धरायला लोक विसरतात. मीही विसरलो होतो. याच प्रश्नात एक धोक्याची सूचना. कपाटातला फिल्मच्या काळातला फ्लॅश काढून नव्या डिजिटल कॅमेऱ्याला लावू नका. काही जुन्या फ्लॅशच्या टोकांवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो. सगळ्या कॅमेऱ्यांना तो सोसत नाही. आधी मोजून घ्या.

या चार प्रश्नांवर पास होईल अशी, माझ्या मनगटाला पेलणारी, हलकी, फ्लॅश फिरणाऱ्या जातीची चौकट मला इथं मिळेना. तेव्हा आठवलं, आपण राहतो कुठं? कोल्हापुरात! आपल्याच गावात बाबूराव पेंटरांनी अख्खा सिनेमाचा कॅमेरा घडवला. आनंदराव पेंटरांबरोबर सुरू केलेलं काम आनंदराव १९१६ साली गेल्यावर अर्धं राहिलं होतं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून ते पुरं केलं आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्याच्यावरून आपण रोज स्कूटर घालतो. ज्या गावानं कॅमेरा बनवला त्या गावात पट्टी बनत नाही म्हणजे काय!

मी सरळ उद्यमनगर गाठलं. तिथं माझे एक जुने कर्जदार आहेत. पहिल्या लेथ मशीनचं कर्ज माझ्या सहीनं गेलं होतं आणि वेळेत फिटलं होतं. आता त्यांचा मुलगा बघतो. कागदावर चित्र काढून दिलं. ॲल्युमिनियमची जाड पट्टी, वर कमानीसारखा हात, नव्वद अंशात कलंडणारा, दोन्ही टोकांना अडकणारा खटका. पोरगा चित्राकडं बघून म्हणाला, "साहेब, म्हणजे खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" मी म्हटलं, अगदी तेच.

दुसरी चूक इथं केली, आणि तीही माझीच. त्यानं विचारलं, बोल्ट कितीचा? मी ऐटीत सांगितलं, सहा मिलिमीटर. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि त्याचे आटे इंचाला वीस. सहा मिलिमीटरचा बोल्ट त्या भोकात जातो, पण धरत नाही. वर्कशॉपच्या टेबलावर कॅमेरा लावून बघितला आणि भिंगाच्या वजनानं तो हळूहळू नाक खाली घालून झुकायला लागला. पोरानं वरच्यावर झेलला म्हणून वाचला. मग पाव इंची बोल्ट आला, आणि तोही कापून आखूड केला, कारण कॅमेऱ्याच्या तळाचे आटे पाचेक मिलिमीटरच खोल असतात. बोल्ट लांब असला तर तो तळ फोडायला बघतो. तीन खेपा झाल्या. पैसे घ्यायला पोरगा तयार नव्हता. मी घ्यायला लावले. निवृत्त झालो तरी कर्जदाराकडून फुकट काही घ्यायचं नाही हा नियम मोडलेला नाही.

या चौकटीनं सगळं साधलं असं मात्र नाही. प्रकाश मऊ होत नाही, तो तसाच कडक राहतो. फक्त सावली जिथं पडायला हवी तिथं, पाठीमागं खाली, पडते. माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढं घेतलं तर तीही दिसत नाही. हा उपाय तर बिनपैशाचा. आमच्या नातवाचं म्हणणं आहे की मोबाईलवर आता रात्रीचाही फोटो फ्लॅशशिवाय येतो. येतो, खरं आहे. ज्याला जमतं त्यानं मोबाईलवर काढावा. माझं म्हणणं वेगळंच आहे. काढा. कशावरही काढा, पण एकट्याचा काढा, उभा काढा, आणि माणूस समोर धडधाकट बसलेला असताना काढा. आपल्या मोबाईलमध्ये दहा हजार फोटो असतात, आणि वेळ आली की रेशनकार्डावरचा फोटो मोठा करावा लागतो.

स्मरणिकेसाठी सत्तरीच्या पुढच्या सगळ्या सभासदांचे उभे फोटो काढायचे ठरलं. एकंदर एकेचाळीस जण. सगळे सुखासुखी तयार झाले नाहीत. 'डी' विंगच्या आक्का, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, कॅमेरा बघून म्हणाल्या, "माझा हाराचा फोटो काढायला आलास व्हय रे?" दारात दोन-तीन जण होते, सगळे गप्प झाले. खोटं बोलणं मला जमेना. मी म्हटलं, "आक्का, आज ना उद्या सगळ्यांचाच लागतो. माझाही लागंल. मास्तरांचा आयत्या वेळी मिळाला नाही, म्हणून फिरतोय." त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि आत निघून गेल्या. मी चौकट सोडायला घेतली. पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या त्या हिरवं नऊवारी नेसून, नथ घालून. म्हणाल्या, "काढायचा तर असा काढ. आणि हसलेला काढ, रडका मला चालायचा नाही." आठ फोटो काढले. त्यांनी स्वतः सातवा निवडला. स्मरणिकेत तोच आहे. आणि आक्का आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे फोटो कसा आलाय ते त्यांनाच विचारा.

एकेचाळीसपैकी चाळीस मी काढले. एकेचाळिसावा माझा. कॅमेरा 'ए' विंगच्या दहावीतल्या एका मुलीच्या हातात दिला. तिला दोनदा दाखवलं, कॅमेरा उभा कर, खटका दाब, हात कलंडव. तिसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. ती मलाच म्हणाली, "आजोबा, भिंतीपासून पुढं या." फोटोत सावली नाही.

हा कॅमेरा, फ्लॅश, वायर आणि उद्यमनगरची ती कमान मी आजपासून सोसायटीच्या ऑफिसात ठेवतोय. किल्ली सेक्रेटरींकडे. शिकायची असेल त्या मुलामुलींनी रविवारी सकाळी दहाला यावं, मी येऊन बसेन. आणि सत्तरीच्या आतल्यांनीही नंबर लावायला हरकत नाही. मास्तर माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे होते.



जय हिंद, जय महाराष्ट्र.